आहे त्या वाद्याचा सूर

(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या संगीत विभागाच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर ‘वाद्यखरेदी’ असा एक विषय आहे आणि त्याचे प्रास्ताविक करण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविले आहे. त्याचे कारण माझे संगीतज्ञान नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. तानसेन तर मी नव्हेच. पण कानसेन म्हणवून घेण्याइतकाही धीट मी नाही. माझी उभी हयात केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात, इतरांनी केलेल्या खर्चाची कारणे विचारण्यात गेली. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे खर्च तपासले, त्याने मंडळाचाही एक खर्च तपासून द्यावा, असा कार्यकारिणीचा सरळ हिशेब असावा.

प्रस्ताव आपणांस ठाऊक आहे. मंडळाच्या कपाटात तंबोऱ्यांची एक जोडी आणि एक पेटी आहे. १९७५ साली मंडळ स्थापन झाले आणि तीनच वर्षांनी सभासदांनी वर्गणी जमवून हे तंबोरे मिरजेहून आणविले, अशी जुन्या इतिवृत्तात नोंद आहे. त्या वेळी भुवनेश्वरात मराठी कुटुंबे थोडी होती आणि पगारही बेताचेच होते. आता सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने निधी उभा राहिला आहे. तेव्हा जुनी वाद्ये निकालात काढावीत आणि त्यांच्या जागी विजेवर चालणारे तंबोरे, एक कीबोर्ड आणि नवी ध्वनिवर्धक यंत्रणा घ्यावी, असे सुचविण्यात आले आहे. सुचविणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आपल्यापुढे दोन शब्द बोलावयाचे आहेत ते केवळ ‘निकालात काढावीत’ या शब्दांविषयी.

सरकारी कचेरीत एखादी वस्तू निकालात काढणे ही सोपी गोष्ट नाही. वित्तीय नियमांप्रमाणे स्थिर मालमत्तेची वर्षातून निदान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते. एखादी वस्तू अतिरिक्त, कालबाह्य अथवा निरुपयोगी ठरवावयाची तर त्याची कारणे लेखी नमूद करावी लागतात. तीन पायांच्या खुर्चीलासुद्धा हा न्याय मिळतो. या नियमांची आपण सारेच थट्टा करतो. मीही केली आहे. परंतु घरी आल्यावर आपण काय करतो? हाती असलेली धडधाकट वस्तू एका ओळीचेही कारण न देता बाद करतो. वस्तू तीच असते, तसेच चालत असते; फक्त दुकानात तिच्यापेक्षा नवी आलेली असते.

हे मी दुसऱ्यांविषयी बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी माझी कोलकात्याहून येथे बदली झाली. सामानाची बांधाबांध करताना सवयीप्रमाणे मी घरातील संगीतविषयक वस्तूंची यादी केली. वडिलांचा एक व्हॉल्व्हचा रेडिओ, दोन टेपरेकॉर्डर, एक वॉकमन, एक रेकॉर्डप्लेअर, एक सीडी प्लेअर, दोन ॲम्प्लिफायर, स्पीकरच्या तीन जोड्या आणि कानाला लावावयाचे हेडफोन पाच. कान मात्र दोनच. आमच्या सौभाग्यवतींनी यादी वाचली आणि एवढेच विचारले, “यांतले बिघडलेले किती?” मी प्रत्येक वस्तू लावून पाहिली. बिघडलेल्या वस्तू दोन निघाल्या. बाकीच्या साऱ्या वस्तू चालत्या असताना मी त्यांना निवृत्त केले होते आणि एकीच्याही निवृत्तीचे कारण माझ्या दप्तरी नव्हते.

त्यांतील एका टेपरेकॉर्डरची हकीकत सांगण्यासारखी आहे. विद्यार्थिदशेत घेतलेले ते यंत्र. काही वर्षांनी त्याचा आवाज दबल्यासारखा झाला. तंबोऱ्याची झार ऐकू येईना, तबल्याच्या चाटीचा टणत्कार बोथट झाला. यंत्राचे आयुष्य सरले असे मी ठरविले आणि दोन महिन्यांचा पगार मोडून दुसरे घेतले. बदलीच्या त्या दिवसांत, केवळ जिज्ञासेपोटी, मी जुने यंत्र उघडले. ज्या छोट्याशा धातूच्या मुखावरून फीत सरकते, त्यावर फितीवरील लेपाची तपकिरी मळी बसली होती. मळी बसली की फीत मुखाला नीट चिकटून जात नाही आणि वरच्या पट्टीतील सूक्ष्म ध्वनी प्रथम नाहीसे होतात. काडीला कापूस गुंडाळून, तो स्पिरिटमध्ये भिजवून मी ते मुख पुसले. सैल झालेला रबरी पट्टा बदलला. आणि पंचवीस वर्षांपूर्वी ‘मेलेले’ ते यंत्र गाऊ लागले. दोन महिन्यांच्या पगाराची ती खरेदी मी चिमूटभर मळीपायी केली होती.

आणखी एक कबुली देतो. नवे यंत्र घरी आले की ते कसे वाजते हे पाहण्यासाठी मी नेहमी एकच ध्वनिमुद्रण लावीत असे. त्या ख्यालाची पहिली दोन मिनिटे मी निदान शंभर वेळा ऐकली असतील. तंबोरा डावीकडून येतो की उजवीकडून, गायकाचा श्वास ऐकू येतो की नाही, हे सारे मला पाठ झाले. परंतु त्या ख्यालानंतर द्रुत लयीत कोणती चीज गाइली आहे, हे मला आजही सांगता येत नाही. तिथपर्यंत मी कधी पोहोचलोच नाही.

मग एके दिवशी कानाच्या डॉक्टरांनी माझी श्रवणशक्ती तपासली. तरुण, निरोगी कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, असे शास्त्र सांगते. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते आणि पन्नाशीनंतर बहुतेकांना १२-१४ हजारांच्या पलीकडचे फारसे काही ऐकू येत नाही. माझीही गत तीच निघाली. १९८२ साली बाजारात आलेली साधी सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेते आणि त्यामुळे वीस हजार कंपनांपर्यंतचे सारे तिच्यात मावते. म्हणजे माझ्या कानाला जे पेलवत नाही, तेही त्या चाळीस वर्षांपूर्वीच्या तबकडीत शिल्लक आहे. असे असता मी त्याहून चौपट मापे घेणाऱ्या यंत्राची माहितीपत्रके चाळीत होतो! माझ्या खात्याच्या भाषेत याला ‘निष्फळ खर्च’ म्हणतात.

माझे बालपण मिरजेस गेले. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मिरजेचे नाव घेतले की अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव आपोआप ओठांवर येते. १९३७ साली त्यांचे निधन झाले, त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतील त्यांची ध्वनिमुद्रणे सर्वांच्या परिचयाची आहेत. लाखेची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे आणि मागे सतत खरखर. आजच्या मापाने पाहिले तर त्याहून निकृष्ट सामग्री शोधून सापडणार नाही. परंतु आमचे वडील त्यांची झिंझोटीतील ठुमरी त्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर लागली की हातातले काम ठेवून देत. खरखर त्यांना ऐकू येत नसे असे नव्हे. पण तिच्या पलीकडे काय आहे हे त्यांना ठाऊक होते. माझ्याजवळ त्यांच्याहून दहापट चांगली यंत्रे होती आणि त्यांच्या दहाव्या हिश्शानेही मी ऐकत नव्हतो.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण खर्चाची कारणे विचारणाऱ्याने स्वतःचा एक व्यवहार तरी उघड केला पाहिजे.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक पेटी होती. तीन सप्तकांची, खर्ज-नर अशा दुहेरी सुरांची. माझ्या जन्माच्या आधी केव्हातरी त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. एकादशीच्या भजनाला ती असे, गणपतीत असे आणि रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी अण्णा एकटेच ती घेऊन बसत. मधल्या सप्तकातील एक पट्टी दाबली की किंचित उशिराने बोले. अण्णांना ते इतके अंगवळणी पडले होते की त्या पट्टीवर त्यांचे बोट निमिषभर आधीच पडे. भात्याला चामड्याचे एक ठिगळ होते.

१९९६ साली, नोकरीत थोडासा स्थिरावल्यावर, अण्णांना आनंद द्यावा म्हणून मी एका दुकानदाराला ती पेटी देऊन, वर पैसे घालून, विजेवर चालणारा कीबोर्ड आणला. त्यात शंभर वाद्यांचे आवाज होते. अण्णा गावाला गेले असता हा व्यवहार मी उरकला. ते परत आले. त्यांनी कीबोर्डवरून हात फिरविला, दोन-चार पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, “छान आहे रे. याला भाता नसतो, नाही का?” मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, “नाही अण्णा. आता हात दुखायचा नाही.”

त्यांनी तो वाजविण्याचा प्रयत्न केला, नाही असे नाही. परंतु उजवा हात पट्ट्यांवर असताना त्यांचा डावा हात मांडीवर उघडझाप करीत राही. पेटीचा भाता म्हणजे केवळ वारा भरण्याची सोय नव्हे. स्वर फुगवावयाचा, ओसरू द्यावयाचा, गाणाऱ्याच्या दमाबरोबर थांबवावयाचा, हे सारे तो डावा हात करतो. पस्तीस वर्षे त्या हाताने हे काम केले होते आणि मी त्याला एका दुपारी कामावरून काढून टाकले होते. काही महिन्यांनी कीबोर्डवर कापड पडले, ते पडलेच. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. २००३ साली ते गेले. मी त्याच्या आधी आणि नंतरही त्या दुकानी चौकशी केली. पेटी केव्हाच पुढे विकली गेली होती.

ती उशिराने बोलणारी पट्टी बिघडलेली नव्हती, हेही मला फार पुढे कळले. पेटीतील पितळी सूरपट्टीखाली धुळीचा कण अडकला की ती अशीच अडखळते. कागदाची पातळ पट्टी तिच्याखालून हलकेच फिरविली तर पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

सभ्य स्त्रीपुरुषहो, मी नव्याचा वैरी आहे असा कृपया ग्रह करून घेऊ नये. ज्या पेटीसाठी मी हळहळतो ती तरी कुठे सनातन आहे? पायाने भाता मारण्याची हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी सिद्ध केली आणि मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताच्या भात्याची पेटी कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली. तिचे स्वर आपल्या संगीतात बसत नाहीत म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ साली अंशतः उठली. या बंदीच्या काळातही गोविंदराव टेंबे, पी. मधुकर यांच्यासारख्यांच्या बोटांखाली पेटी बोलतच राहिली. दोष वाद्यात होता आणि तो खराही होता. तो सांभाळून घेण्याचे कसब त्यांच्या बोटांत होते.

उलट बाजूचे उदाहरणही आमच्याच भागातले आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुतींची पेटी करविली. दोघेही सरकारी नोकर, तेव्हा मला त्यांच्याविषयी साहजिकच आपुलकी वाटते. हिशेबाने पाहिले तर ती पेटी साध्या पेटीपेक्षा निःसंशय सुधारलेली होती. तरीही ती मैफलीत रुळली नाही आणि उणिवा असलेली साधी पेटीच घरोघर राहिली. वाद्य केवळ सुधारलेले असून भागत नाही. त्याच्याशी माणसाच्या हाताची ओळख व्हावी लागते आणि ती ओळख बाजारात मिळत नाही.

तंबोऱ्यांविषयी बोलावयाचे तर पुन्हा मिरजेस जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार घराण्यातील, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या घराण्यातील, फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. तलवारींचे दिवस सरले होते. त्यांनी हातातले कसब टाकले नाही, ते दुसऱ्या कामी लावले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठाले कडू भोपळे आणावयाचे, ते पुरते वाळू द्यावयाचे, त्यांवर तुणाच्या लाकडाची दांडी आणि तबली बसवावयाची. हे काम सतारमेकर गल्लीत आजही चालते आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. खुद्द खाँसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीत वाकबगार होते, अशी त्यांची ख्याती आहे. एवढा थोर गवई वाद्य बिघडले म्हणून नवे मागवीत नसे. हत्यारे घेऊन बसत असे.

शाळेतून येताना मी त्या गल्लीत रेंगाळत असे. एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी काढीत बसलेले असत. जवारी म्हणजे काय, हे आपल्यांतील तरुण मंडळींसाठी सांगतो. तंबोऱ्याच्या तबलीवर जी रुंद घोडी असते, तिचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार त्या उताराला जाताजाता स्पर्श करते आणि त्या स्पर्शामुळे तिचा नाद उमलतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून त्या उमलण्याची नेमकी जागा शोधतात. तार वर्षानुवर्षे घासून घोडीवर सूक्ष्म चर पडतात. मग नाद मिटतो, तंबोरा ‘बसतो’. ऐकणाऱ्याला वाटते, वाद्य जुने झाले. कारागीर कानस घेऊन तो माथा पुन्हा घासतो, तार लावतो, ऐकतो, काढतो, पुन्हा घासतो. एकदा मी त्या वृद्ध गृहस्थांना विचारले, “चाचा, नवी घोडी का नाही बसवत?” ते म्हणाले, “बाळ, घोडी हीच बरी आहे. हिला फक्त उघडायची आहे.”

उघडलेल्या जवारीत जे ऐकू येते ते विलक्षण आहे. तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या आणि चौथी खर्जाची. गांधाराची तार कोणत्याच तंबोऱ्याला नसते. तरीही तंबोरा जमून आला की गांधार स्पष्ट ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तार सबंध कंप पावते त्याच वेळी ती दोन, तीन, चार, पाच भागांतही कंप पावत असते आणि पाचव्या भागातून गांधार निघतो, असे शास्त्र त्याचे कारण देते. हा गांधार पेटीच्या गांधाराहून किंचित उतरा असतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. म्हणजे ज्या स्वरासाठी आपण तार विकत घेतली नाही, खुंटी बसविली नाही, तोच स्वर सर्वांत शुद्ध मिळतो. त्याचे मोल म्हणून एकच गोष्ट द्यावी लागते: गप्प बसून ऐकण्यासाठी थोडा वेळ.

या पार्श्वभूमीवर मी आपल्या मंडळाच्या तंबोऱ्यांची प्रत्यक्ष पडताळणी केली. अध्यक्षांच्या अनुमतीने गेल्या पावसाळ्यानंतर दोन्ही तंबोरे घरी नेले. गवसण्यांवर बुरशी होती, तारा गंजल्या होत्या, एका तंबोऱ्याचे दोन मणी हरवले होते आणि घोड्यांवर चर पडले होते. भोपळे अखंड होते, दांड्या सरळ होत्या. कामानिमित्त कोलकात्यास जाणे होतेच. तेव्हा रेल्वेने दोन फेऱ्यांत एकेक करून ते तेथील एका तंतुवाद्याच्या कारागिराकडे नेले. त्यांनी पहिला तंबोरा उलटासुलटा करून पाहिला, तबलीवर बोटाने टिचकी मारली आणि हिंदीत जे सांगितले त्याचा अर्थ असा: हे वाद्य बिघडलेले नाही, ते कोणी वाजविलेले नाही.

हे वाक्य मी माझ्या पडताळणी अहवालात जसेच्या तसे लिहिले आहे, कारण ते आपल्या मंडळावरचा आक्षेप आहे. तारा, मणी, जवारी असा दोन्ही वाद्यांचा मिळून जो खर्च आला, तो प्रस्तावित खरेदीच्या अंदाजपत्रकातील केवळ वाहतुकीच्या रकमेहून कमी आहे. पेटीचा भाता येथेच शिवून घेतला.

विजेच्या तंबोऱ्याविषयी माझ्या मनात आदर आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरात तो तयार झाला आणि वसतिगृहातल्या विद्यार्थ्याची, एकट्याने प्रवास करणाऱ्या कलावंताची केवढी तरी सोय झाली. आता तर तो खिशातल्या फोनवर फुकट मिळतो. तो अवश्य वापरावा. आपल्या मुलांच्या वर्गासाठी एक घ्यावा, अशी शिफारस मी स्वतः करतो. सभागृहाचा ध्वनिवर्धक खरोखरच जीर्ण झाला आहे. मागच्या रांगेतील वृद्धांना ऐकू येत नाही, ही उणीव प्रत्यक्ष आहे. तोही बदलावा. परंतु जे निकामी झालेले नाही त्याचे निर्लेखन करू नये.

म्हणून खरेदीपूर्वी प्रत्येकाने, मंडळात आणि घरीही, स्वतःला तीन प्रश्न विचारावेत असे मी सुचवितो. जे आहे त्याची शेवटची निगा केव्हा राखली? जे आहे त्यातून काढता येण्यासारखे सारे आपण काढले आहे काय? आणि नवे आल्यावर आज ऐकू न येणारे असे नेमके काय ऐकू येणार आहे? तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी देता आली तर खुशाल खरेदी करावी; मी स्वतः त्या देयकावर सही करीन. माझा अनुभव असा की दुसऱ्या प्रश्नाशीच लेखणी थांबते.

मंडळापुरत्या माझ्या सूचना दोन. पहिली, वार्षिक अंदाजपत्रकात वाद्यांच्या निगेसाठी एक लहानशी रक्कम कायमची असावी. पन्नास वर्षांत आपण असे एकही शीर्ष ठेवले नाही, हे जुने हिशेब तपासताना माझ्या ध्यानात आले. दुसरी, तंबोरे कपाटात ठेवू नयेत. आपल्या वर्गात गाणे शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी ते पाळीपाळीने एकेक महिना असावेत. नोंदवहीत वाद्याच्या नावापुढे ‘कोठे ठेवले’ एवढाच रकाना आहे. ‘कोणी वाजविले’ असा रकाना वाढवावा. पडले, फुटले तर काय, असे कोणी विचारील. हाताळताना एखादे वाद्य मोडेलही. पण कपाटात ठेवलेली दोन्ही हळूहळू मुकी होतात, हे आपण पाहिलेच आहे.

१९७८ साली ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यापैकी तिघे आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सणावारी दाराला तोरण लावून झाले की गावाची आठवण येते आणि जीव कासावीस होतो, त्या दिवसांत त्यांनी पोटाला चिमटा काढून येथे मिरजेचा नाद आणला. आपल्या मुलांना तो नाद जुना झाला म्हणून सांगण्याआधी तो त्यांच्या कानांवर एकदा पडू द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.

मी पुष्कळ बोललो. आता दोन मिनिटे कोणीच बोलू नये. आपल्या वर्गातील दोन विद्यार्थिनी हे तंबोरे छेडतील. कृपया पंखे बंद करावेत. डोळे मिटले तर उत्तम. चारच तारा आहेत. पाचवा स्वर ऐकू येतो का, ते पाहावे.

(येथे दोन्ही तंबोरे छेडण्यात आले.)

ज्यांना तो ऐकू आला त्यांचे मत मला ठाऊक आहे. ज्यांना आला नाही त्यांनी निराश होऊ नये. मलाही तो फार उशिरा ऐकू आला. प्रस्तावावर निर्णय सभेने घ्यावयाचा आहे आणि तो जो होईल तो मला मान्य असेल. माझा पडताळणी अहवाल मी अध्यक्षांकडे सुपूर्द करतो. त्याच्या शेवटच्या रकान्यात, वस्तूच्या स्थितीपुढे, मी ‘सुस्थितीत, वापर अपुरा’ असे लिहिले आहे.